गोळी सोडलेल्या बहिणीकडे: अकोला ते शेंदूरजनाघाट

माझी धाकटी बहीण शकून फोनवर सहज बोलून गेली, "बाई, मी बीपीची गोळी सोडली. आता संत्र्याची भुकटी घेतो. नसा साफ होतात म्हने." डोकं दुखून राहिलं, हेही तिनं त्याच दमात सांगितलं. मी नातीला म्हटलं, "रेवा, पिशवी भर." अक्षरांशी माझी ओळख नाही. मी बोलते, रेवा लिहिते आणि माझ्या वऱ्हाडीला इस्तरी करते. कुठं चुरगळलेलं दिसलं तर दोष तिचा.

अकोल्याहून सकाळची अमरावतीची एसटी धरा. पंच्याहत्तरी ओलांडली की तिकीट फुकट, बायांना अर्धं. आधार कार्ड हाताशी ठेवा. कंडक्टरला माझ्या सुरकुत्या पुरल्या नाहीत. मूर्तिजापूर येईस्तोवर मी तीनदा फोन लावायला लावला. शकून उचलेना.

अमरावतीला गाडी बदलून वरूडची धरायची. तिथला दही-चटणीतला गिलावडा चुकवू नका. रेवानं माझी प्लेट अर्ध्यात ओढली. "आजी, मीठ!" बीपी मलाही आहे. भीतीनं भूक लागते, हे मात्र कोणी डॉक्टरला सांगत नाही.

मोर्शी सुटली की दोन्हीकडे संत्र्याचे बगिचे. लोक उतरून फोटो काढतात. मला त्या हिरव्यागारात शकूनचं वाकडं झालेलं तोंड दिसत होतं. आमच्या थोरल्या भावाचं लकव्यानं तसंच झालं होतं, शब्दही वाकडे पडायला लागले, आणि मग तो गेला. वरूडहून शेंदूरजनाघाटला शेअर ऑटो मिळते. ती भरेपर्यंत सुटत नाही; त्या दिवशी तर जन्मात भरेल असं वाटेना.

शकून दारात संत्री सोलत बसली होती. तोंड सरळ. आधी ते पाहिलं, मग तोंड सोडलं.

"फोन काहून नाही उचलला वो?"

"चार्जिंगले लावला होता. तुले वाटलं, मेली?"

"हो. म्हटलं, पाहून येऊ कशी दिसतं."

रेवानं भुकटीचा डबा वाचला. वर मोठ्या अक्षरात 'धमन्या तरुण ठेवते', खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'हे औषध नाही'. दुकानदारानं शकूनला वरचंच वाचून दाखवलं होतं.

तिला ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं. सिस्टरनं पट्टा दोनदा बांधला. वरचा आकडा एकशे नव्वद. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, त्यानं मला जास्तच धडकी भरली. "संत्री खा, आजी. भुकटी घ्यायची तर आधी विचारा, काही गोळ्यांसोबत चालत नाही. पण गोळीच्या जागी तर नाहीच. गोळी आत्तापासून सुरू."

"नाही घेऊ शकत," शकून म्हणाली. "काशीले सोडली."

काशीला गेलं की एखादं फळ नाहीतर भाजी कायमची सोडायची, ही आपली रीत. यात्रेत सोबतच्या बायांनी वांगं सोडलं, सीताफळ सोडलं. आमच्या बहिणीनं गोळ्यांची अख्खी पट्टी गंगेत सोडली. आणि शकून शब्दाची पक्की. डोकं फुटलं तरी गंगेला दिलेलं परत घ्यायची नाही.

"शकून, काशीले काय सोडतात?"

"आवडीचं."

"गोळी तुले आवडे काय?"

"छ्या! कडूजहर."

"मंग गंगेच्या पदरात तू नावडतं टाकलं. थे सोडणं धरतच नाही. आता आवडीचं सोड."

तिनं सुटलेला पदर खोचला. मग म्हणाली, "लोणचं?" जणू मी तिचं लेकरू मागितलं होतं.

"लोणचं. आन् पापडबी."

तिनं उत्तरेकडं हात जोडले आणि तिथंच गोळी घेतली.

आम्ही दोन दिवस राहिलो. आकडा थोडा उतरला, पुरता नाही.

आता अकोल्यात परतून आठवडा झाला. संत्र्यांसाठी त्या बाजूला जरूर जा. पोतंभर आणलीत तरी गोडच निघतील. डबा मी आणला नाही. आणली ती धाकधूक. रोज सकाळी शकूनला फोन लावून पट्टी फोडल्याचा आवाज ऐकवायला लावते.

"ऐकला?"

"फोडल्याचा ऐकला. गिळल्याचा नाही."

"गिळल्याचा कसा येईन वो, बाई?"

"मंग बोलत राय. तोंडात गोळी धरून कोणी एवढं बोलत नाही."

ती अर्धा तास मला शिव्या घालते. मी मधे बोलत नाही. एकेक शब्द नीट, सरळ पडतो आहे ना, तेवढं ऐकत असते.