एका मोडेमवरची निवडणूक

लोक म्हणतात, तुम्ही कॉम्प्युटरवाले दिवसभर स्क्रीनकडे बघत बसता, तुमच्याकडे किस्से कसले? अहो, माणसं तीन आणि मोडेम एक असला की किस्से आपोआप साठतात! नव्वदीचं दशक संपत आलं होतं. काशीतले आम्ही तिघं मराठी: मी रेल्वेत, दूधविनायक गल्लीतला श्रीधर बँकेत आणि मंगला गौरी भागात राहणारी वासंती कॉलेजात गणित शिकवणारी.

कॉम्प्युटरवर देवनागरी नीट दिसावी म्हणून देशोदेशीचे लोक मिळून एक फुकटचं सॉफ्टवेअर लिहीत होते. सगळा कारभार ईमेलवर. त्याचा टेक्निकल लीड निवडायचा होता. कुणाचा कोड आत घ्यायचा आणि कुणाचा बाहेर काढायचा, हे तो ठरवणार. उमेदवार दोन, श्रीधर आणि वासंती! जोडाक्षरांचा कोड श्रीधरचा होता, दोन वर्षं खपून लिहिलेला. वासंतीचं म्हणणं, तो काढून नव्याने लिहावा. श्रीधर उभा राहिला तो कोड वाचवायला, दुसरं काही कारण नव्हतं.

*

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने श्रीधरला थांबवलं. "चुनाव लड़त हउवा? तनखा केतना मिली?"

"काही नाही."

"गाड़ी?"

"नाही."

"अउर काम?"

"आत्तापेक्षा दुप्पट."

पानवाल्याने पान त्याच्या हातात ठेवलं. "त हार जा गुरू, फायदा में रहबा!"

*

फोनवरून ईमेल पाठवायचा तो एकुलता मोडेम श्रीधरच्या घरी. त्यामुळे वासंतीला स्वतःचा जाहीरनामाही फ्लॉपीवर घालून तिथेच आणावा लागला. पहिलंच वाक्य होतं, "सध्याचा जोडाक्षरांचा कोड दुरुस्त करण्यापलीकडे गेला आहे." फोनची लाइन सारखी तुटायची आणि ती जोडायची हातोटी फक्त श्रीधरकडे. बिचारा पुन्हा पुन्हा डायल करून स्वतःच्याच विरोधातला मजकूर जगभर पाठवत बसला होता.

तेवढ्यात श्रीधरच्या आई चूडा-मटरच्या, म्हणजे मटार घातलेल्या पोह्यांच्या, बश्या घेऊन आल्या. "वासंती, पहिले खाऊन घे गं. मग लिही ह्याच्याविरुद्ध काय लिहायचंय ते."

*

उमेदवारांना लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना एकदम जाणाऱ्या ईमेलवर, प्रश्न विचारायची पद्धत होती. जर्मनीतल्या एकाने विचारलं, "वाद पेटला तर तुम्ही काय कराल?" श्रीधरने सगळी संध्याकाळ घालवून पानंच्या पानं उत्तर लिहिलं, लोकशाहीपासून सुरुवात करून. पाठवणार, तोच वीज गेली. सेव्ह केलेलं नव्हतं.

वीज आल्यावर तो इतका वैतागलेला होता की त्याने एवढंच लिहिलं, "आधी सगळ्यांचं वाचेन, मग जेवेन, मग उत्तर देईन."

लिस्टवर वाहवा झाली. असा संयमी माणूस हवा, म्हणे! विजेचं श्रेय आम्ही कुणाला कळू दिलं नाही.

*

श्रीधरचे वडील, अण्णा, रामघाटावरच्या पाठशाळेत वेद शिकवत. श्रीधर त्यांच्या पाया पडायला गेला.

अण्णांनी विचारलं, "मत कोण देणार?"

"परदेशातले लोक आहेत, अण्णा. थोडे भारतातले, पण लांबचे."

"त्यांनी तुला प्रत्यक्ष पाहिलंय?"

"नाही."

"बरोबर काम केलंय?"

"फक्त पत्रातून."

अण्णांनी आशीर्वादाला हात उचलला. "मग आशा आहे!"

*

मतदानही मेलवर, म्हणजे पुन्हा श्रीधरच्याच घरी. दोघंही माझे मित्र, माझी पंचाईत! मी श्रीधरला म्हटलं, "गुप्त मतदान आहे, तू बाहेर जा." तो निमूटपणे गच्चीत गेला. आई मात्र भाजी निवडत तिथेच बसून राहिल्या.

मी म्हटलं, "आई, तुम्हीपण..."

"मला कुठे इंग्रजी येतं? तू कर तुझं काम."

मी काम केलं. आई स्क्रीनकडे एक नजर टाकून पुन्हा मान खाली घालत म्हणाल्या, "श्रीधरच्या पाकिटांवर असंच नाव असतं, इतकं कळतं हो मला."

*

श्रीधर निवडून आला, अगदी थोडक्यात. वासंतीने हात जोडून अभिनंदन केलं आणि पर्समधून फ्लॉपी काढली. नव्या लीडपुढचं पहिलंच काम तिचं होतं: श्रीधरचा जोडाक्षरांचा सगळा कोड बाहेर आणि तिने लिहिलेला नवा आत.

श्रीधरने फ्लॉपी कॉम्प्युटरमध्ये सरकवली. रविवार होता. सकाळपासून तो एकेक ओळ वाचत राहिला. मग अण्णांच्या पाठातले अवघडातले अवघड शब्द टाकून बघितले. त्याचा कोड दोन ठिकाणी अडखळला, तिचा कुठेच नाही. वासंती खिडकीपाशी बसून होती आणि आईंनी तिच्यापुढे ठेवलेल्या बशीतलं तसंच होतं. मला दोघांकडेही बघवेना.

दुपार कलल्यावर त्याने मंजुरी दिली. दोन वर्षांचं काम स्वतःच्या हाताने पुसलं आणि कारण म्हणून लिहिलं, "हा चांगला आहे."

आईंना राहवेना. "अरे, आपलंच काढून टाकायचं होतं तर निवडून कशाला आलास?"

श्रीधर स्क्रीनकडे बघतच म्हणाला, "हरलो असतो तर भांडत बसलो असतो, काढू दिलं नसतं."