‘सुधारणा’वर केलेली खूण

नाचणीची भाकरी करपल्याचा वास आला, की मला तळेघरचं ते घर आठवतं. मानसिक आरोग्याच्या कार्यक्रमात मी घरोघर जाऊन औषधाने किती फरक पडला ते मोजायचे. मुलगा गेल्यापासून खचलेल्या त्या बाईने भाकरी थापता थापता प्रत्येक प्रश्नाला ‘बरं हाय’ म्हटलं. मी खुशीत ‘सुधारणा’वर खूण केली. निघताना ती हळूच म्हणाली, “ताई, झोप न्हाई लागत. पण मागं तुमीच म्हनला व्हता, फरक न्हाई दिसला तर सायेब तुमाला बोलत्यात.” तव्यावरची भाकरी करपली होती. एसटी चुकेल म्हणून मी कागद तसाच पिशवीत घातला. सुधारणा झाली म्हणून तिच्या गोळ्या बंद झाल्या. बैठकीत मला टाळ्या मिळाल्या. आता मी नव्या पोरींना तोच फॉर्म भरायला शिकवते. तिच्याबद्दल त्यांना काही सांगत नाही.