शेवटच्या रांगेतून दिसणारा हिरा

अंगठी बनवून घ्यायला आमच्याकडे माणसं येतात दोन आणि बोलतात नऊ. उरलेली सात फोनवर असतात, नाहीतर खाली गाडीत एसी लावून बसलेली असतात. अंगठी जायची असते एकीच्याच बोटात, आणि मत तेवढं तिचंच सगळ्यात शेवटी विचारतात. असं रोज चालल्यावर किस्से साचणारच. मैत्रिणी म्हणतात, तू सांगतेस तसंच लिहून काढ. घ्या.

कोठी भागात, पुस्तकांच्या दुकानांमागे पहिल्या मजल्यावर गिरीशकाकांचं दुकान आहे. शोकेस नाही, मखमली पुतळ्यांच्या गळ्यात हार नाहीत. प्रत्येक अंगठी गिऱ्हाईकाशी बोलून, चित्र काढून नव्याने बनते. बहुतेक साखरपुड्याच्या, हिऱ्याच्या. कॉम्प्युटरवर डिझाइन करणारी ती मी, मुक्ता. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षात सोडलं. का सोडलंस असं विचारणाऱ्या मोठ्या माणसांना मी विचारते, तुम्ही का पूर्ण केलंत?

*

पहिला किस्सा घरचाच. बाबा रेल्वेत, राहायला आम्ही तारनाक्याला. मुलीने कॉलेज सोडलं हे बाबांना सांगता येत नाही, म्हणून ते लोकांना सांगतात, "मुक्ता सध्या डिझाइनमध्ये आहे." आवाज असा, की मुक्ता सध्या आयसीयूमध्ये आहे. शेजारचे रावगारू पण तसेच हळहळून विचारतात, "कधीपर्यंत?"

"जुलैपर्यंत बघू," बाबा म्हणतात.

हा जुलै म्हणजे कॉलेजात परत नाव घालायची शेवटची संधी. बाबांनी मे महिन्यात अट घातली. जुलै संपायच्या आत एक अंगठी पहिल्या रेघेपासून माझी पाहिजे. मंजुरीच्या कागदावर डिझाइन करणाऱ्याच्या जागी माझं नाव, खाली गिऱ्हाईकाची सही. नाहीतर मुकाट्याने वर्गात.

आता गंमत बघा. त्याआधी वर्षभर चित्रं मीच काढत होते. नाव काकांचं लागत होतं. मी विचारलं तर काका म्हणाले, "गिऱ्हाईकाला पांढरे केस लागतात गं."

"मग केसांनाच काढू द्या चित्र," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "बरं. पुढच्या तीन ऑर्डरी तुझ्या. त्यातली एक जरी मंजूर झाली तरी तुझं नाव."

तीन. मी त्या दिवशी जिना एकेक पायरी सोडून उतरले.

*

पहिली ऑर्डर आली ती दोन गुरुजींसकट. गुरुजी स्वतः नव्हते, त्यांचे निरोप होते.

मुलाकडच्या गुरुजींनी सांगितलं होतं, हिऱ्याखालची बाजू उघडी ठेवा, हिरा त्वचेला लागला पाहिजे. मुलीकडच्या गुरुजींनी सांगितलं होतं, अजिबात लागता कामा नये, खालून सोन्याने बंद करा. दोन्हीकडचे वडील माझ्यासमोर. मुलगा-मुलगी मागच्या बाकावर, शाळेत शिक्षा झाल्यासारखी बसलेली.

तासभर वाद झाला. मग मुलाच्या वडिलांनी तोडगा काढला. अगदी गंभीर चेहऱ्याने मला म्हणाले, "खाली एक छोटं दार करा. उघडझाप होणारं. शनिवारी बंद, बाकी दिवस उघडं."

मी वेडी! मी खरंच बसून ते दार काढलं. बिजागरीसकट. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी बिजागरी. कुणी बनवली नसती, पण काय सुंदर दिसत होती स्क्रीनवर.

दुसऱ्या दिवशी फोन आला, त्यांनी दुसरीकडून तयार अंगठी घेतली. मी विचारलं, खालून उघडी की बंद? ते म्हणाले, "ते बघायचंच राहिलं."

उरल्या दोन.

*

दुसऱ्या ऑर्डरीतला हिरा छान होता, माणसं छान होती, सगळं छान चाललं होतं. मुलीचं नाव प्राची. अंगठीच्या पट्टीवर वेल हवी, हिरा फुलासारखा नको, थेंबासारखा हवा, असं तिने स्वतः सांगितलं. स्वतः! मी तर तिला कॉफी पाजली.

मंजुरीच्या दिवशी मुलाचे आजोबा आले. म्हणाले, "आतल्या बाजूला नाव कोरायचंय." खिशातून चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. मी वाचलं, टाईप केलं, फिरवून मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांना दाखवलं. अंगठीच्या आत, झोकदार अक्षरात, "वैदेही".

प्राची म्हणाली, "ही कोण?"

आजोबा समजुतीच्या सुरात म्हणाले, "तूच बाळ. लग्नात तांदळात लिहायचं नाव. आमच्याकडे ठरलंय."

"तुमच्याकडे ठरलंय," प्राची म्हणाली. मग मुलाकडे बघितलं. मुलगा स्क्रीनकडे बघत होता. "तुला माहीत होतं?"

तो म्हणाला, "फॉन्ट बदलता येईल."

लग्न झालं की नाही मला माहीत नाही. ऑर्डर गेली. मला राग आला नाही, उलट त्या मुलीला जिन्यापर्यंत सोडायला गेले. पण उरली एक.

*

तिसरी ऑर्डर म्हणजे स्नेहल आणि तेजस. स्नेहल दातांची डॉक्टर, तेजस सॉफ्टवेअरमध्ये. तेजसचे आईवडील तो लहान असताना गेले, त्याला वाढवलं आत्यांनी. आत्या म्हणजे साठीच्या पुढच्या, इस्त्री केलेली सुती साडी, पाठ ताठ. खुर्चीत बसण्याआधी खुर्ची पुसणाऱ्या.

स्नेहल म्हणाली, "दिवसभर हातमोजे घालायचे, काढायचे. मोठं ऑपरेशन असलं की मी अंगठी काढूनच ठेवीन. पण रोजच्या कामात ती हातात राहिली पाहिजे. अडकायला नको."

आत्या म्हणाल्या, "आणि हॉलच्या शेवटच्या रांगेतून दिसला पाहिजे हिरा. नाहीतर काय माईकवरून सांगायचं?"

बास! मला जे पाहिजे होतं ते हेच. एकीला लपलेला हिरा हवा, दुसरीला ओरडणारा. माझी बोटं शिवशिवायला लागली.

मग माप घ्यायची वेळ आली. स्नेहलने डावा हात पुढे केला. आत्या म्हणाल्या, "डाव्या हातात शुभ वस्तू घालतात का?"

"आत्या, उजव्या हातात ड्रिल असतं."

"मग ते डाव्यात धर."

तेजस हसला. आत्या हसल्या नाहीत. मी दोन्ही हातांची मापं लिहून घेतली. या वयाच्या माणसांशी वाद घालण्यापेक्षा एक जास्तीचा आकडा लिहिणं स्वस्त पडतं.

*

सहा दिवस मी त्या अंगठीला चिकटून होते. हिरा त्याला पकडणाऱ्या सोन्याच्या काट्यांवर उभा करायचाच नाही, पट्टीच्या आत बुडवायचा, वरून हात फिरवला तर नुसती गुळगुळीत कड लागली पाहिजे. पण आत बुडवला की उजेड जात नाही, हिरा मरतो. सातव्या दिवशी बसमध्ये सुचलं. पट्टीच्या दोन्ही अंगांना, हिऱ्याच्या खाली, बारीक खिडक्या! उजेड बाजूने आत येईल आणि वरून उसळेल. कोठीला उतरायचं ते पुढच्या स्टॉपवर उतरले आणि पळत मागे आले.

आमचे जडाईचे कारागीर खलीलचाचा. चाळीस वर्षं हिरे बसवतायत. त्यांना मी स्क्रीनवर अंगठी दाखवली. ते चष्मा वर करून बघत राहिले.

"ये अंगूठी है की नल का वायसर?"

"चाचा, नीट बघा ना. खिडक्या बघा."

बघितल्या. मान हलवली. म्हणाले, "निकाल के ला."

रेझिनचा नमुना थ्रीडी प्रिंटरमधून काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो नुसता चिमटीत धरला आणि हिऱ्याभोवतीची कड कागदासारखी तुटली. मी स्क्रीनवर इतकं मोठं करून बघत होते की कड मला भिंतीएवढी वाटत होती. खरी होती केसाएवढी.

मला वाटलं आता भाषण होणार. चाचा म्हणाले, "स्क्रीन पे तो मेरी कमर भी पतली कर देती तू. हाथ में ले के बना, बेटा."

मोठ्या माणसांनी मला आजवर केलेल्या उपदेशातला एवढा एकच कामाचा निघाला. कड जाड केली, खिडक्या खाली सरकवल्या, चार वेळा नमुना काढला. चौथा चाचांनी हातात घेतला, दाबला, टेबलावर आपटला. मग म्हणाले, "हौ." चाचांचं हौ म्हणजे लोकांच्या टाळ्या.

*

आमच्याकडची पद्धत अशी, की सोनं ओतण्याआधी रेझिनची अंगठी गिऱ्हाईकाला आठवडाभर घालायला द्यायची. झोपताना, भांडी घासताना, कामावर. हिऱ्याच्या जागी काच. आमची रेझिन हिरवी असते, पोपटी.

आत्यांना पटलं नाही. "साखरपुड्याच्या आधी बोटात प्लॅस्टिक?"

स्नेहलने डाव्या हातात घातली आणि गेली. मग तिचे फोटो यायला लागले. हातमोज्याखाली पोपटी रिंग. वरणभातात पोपटी रिंग. कुणाच्या तरी कवळीशेजारी पोपटी रिंग. चौथ्या दिवशी मेसेज आला, "आज विसरलेच की घातलीय."

कोठीच्या बसस्टॉपवर उभी होते. मी अशी काही ओरडले की शेजारच्या म्हातारबांनी पिशवी छातीशी धरली. विसरली! डिझायनरला यापेक्षा जास्त काय पाहिजे?

काकांना मेसेज दाखवला. काका म्हणाले, "सही ती करणार नाहीये. सही आत्या करणार. अंगठी त्यांच्याकडून आहे."

*

जुलैचा शेवटचा आठवडा. मंजुरीची भेट. टेबलावर कागद, डिझाइनसमोर माझं नाव, काकांच्याच अक्षरात. आणि कागदाशेजारी, मला न विचारता, काकांनी ठेवलेली चांदीची नमुन्याची अंगठी. चार काट्यांवर मनोऱ्यासारखा उभा खडा.

"हे काय?" मी म्हणाले.

"पर्याय असावा. मोठ्यांचं मन राखावं लागतं."

"राखा तुम्ही. माझं नाव खोडून टाका मग, म्हणजे बाबांना सांगायला सोपं जाईल."

आत्या सगळं ऐकत होत्या. त्यांनी आधी माझी पोपटी अंगठी उचलली, खिडकीकडे धरली, खाली ठेवली. मग मनोरा उचलला. "ही दिसते," म्हणाल्या. "हातमोज्याचं काय एवढं कौतुक? एक नंबर मोठा घालावा."

मला डोळ्यांपुढे बाबा दिसले, हातात कॉलेजचा फॉर्म घेऊन. मी तोंड उघडणार होते आणि जे बोलणार होते ते इथे छापता येणार नाही. त्याआधी स्नेहलने पर्समधून हातमोज्यांचं बंद पाकीट काढलं. कागदी, ऑपरेशनच्या वेळचं.

"मी घालूनच दाखवते, आत्या."

"दे इकडे," आत्या म्हणाल्या.

त्यांनी मनोरा स्वतःच्या उजव्या हातात घातला. पोपटी अंगठी डाव्या करंगळीत चढवली. पाकीट टेबलावर ठेवलं, आतला कागद कडांना धरून दोन्ही बाजूंना उलगडला, बोट मध्ये कुठे लागू न देता. डावा मोजा घडीच्या आतल्या बाजूने धरून चढवला. मग त्या मोज्यातली बोटं दुसऱ्याच्या घडीखाली सरकवली आणि उजवा हात आत घातला. बाहेरच्या बाजूला उघडी कातडी एकदाही लागली नाही. स्नेहलने मध्येच मदतीला पुढे केलेला हात हळूच मागे घेतला.

उजवा मोजा खड्यापाशी अडकला. आत्यांनी जोर दिला. टर्रकन फाटला.

डावा तसाच गुळगुळीत. पोपटी रंग आतून दिसत होता.

आत्या दोन्ही हात छातीसमोर, टेबलापासून वर धरून काही क्षण उभ्या राहिल्या. मग एक मोजा उलटा करून मुठीत घेतला, दुसरा त्यावरून उलटा सोलला, एकच गोळी केली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"हीच करा," म्हणाल्या. "डाव्या हाताच्या मापाची." काकांच्या हातातलं पेन घेतलं, माझं नाव वाचलं आणि खाली सही केली.

तेजस म्हणाला, "आत्या, तुला हे कुठून..."

"बेसिन कुठाय?" त्यांनी मला विचारलं.

मी मागचं दार दाखवलं. पाणी बराच वेळ वाहत होतं. तेजस स्नेहलकडे बघत होता, स्नेहल दाराकडे. टॉवेल द्यायला म्हणून मी गेले. आत्या बांगड्या वर सारून, बोटं आढ्याकडे करून, ऑपरेशनच्या आधी धुतात तसे कोपरापर्यंत हात धूत होत्या. माझ्याकडे बघितलं नाही. आमचा लांब दांडीचा नळ त्यांनी कोपराने बंद केला.