विसाव्या वातीनंतरची राख

अंगात आलेल्या बाईला आधी थर्मामीटर लावा म्हणणारा मी माणूस. शहापूरच्या शाळेत विज्ञान शिकवलं, भुताखेतांच्या गोष्टींवर जन्मभर हसलो. पण १९८१ सालच्या एका दुपारबद्दल कोणी विचारलं, की आजही मला हसता येत नाही...

आईला माहेर नव्हतं. म्हणजे वाढवलं एकोडीच्या एका शेतकरी जोडप्यानं, अगदी पोटच्या पोरीसारखं. पण तिची जन्मदाती कोण, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तापानं फणफणलेली एक बाई त्यांच्या ओसरीवर येऊन पडली आणि नावगाव न सांगताच वारली. मागे चार महिन्यांचं लेकरू राहिलं — तीच माझी आई.

१९८१ साली माझ्या बहिणीचं, शालूचं लग्न ठरलं आणि आईला एकच घोर लागला. "नवरीच्या पाठीशी मामा लागते. माह्या पोरीच्या पाठीशी कोन उभा राहीन?"

"शेजारचे काका राहतील की," मी म्हणालो. ती रडलीच.

आईची एक खोड होती. राखेत बोटं बुडवून देवाच्या वाती वळायची आणि मध्येच ती बोटं कानाच्या पाळीला लावायची. एकोडीच्या आजीला ही सवय नव्हती. शालू चिडवायची, "आई, देव कानात सांगून राहिला का काही?"

लग्नाची लुगडी घ्यायला आम्ही पवनीला एका विणकराच्या घरी गेलो. त्याची म्हातारी आई मागावर नवा ताणा, म्हणजे उभे धागे, जोडत होती... जुन्या धाग्याच्या टोकाला नव्याचं टोक, राखेच्या बोटांनी पीळ देऊन. आईनं जन्मात मागाला हात लावला नव्हता. ती सरळ म्हातारीजवळ जाऊन बसली आणि धागे जोडू लागली. भराभर! थोड्या वेळानं तिचा हात कानाकडे गेला.

म्हातारी थांबली. "तू कोनाची वं, बाई?"

"मले काय मालूम, मावशी?"

"वीस धागे झाले का कानाले राख... हे चाल फक्त माह्या नणंदेची. तान्ही पोर घेऊन साकोलीकडं सासरी निघाली, पोचलीच नाही. नदीनं नेली म्हनून आमी रडून मोकळे झालो."

आईनं एकोडीची हकिगत सांगितली; एकोडी साकोलीच्याच बाजूला. विणकर ऐकत होता. त्यानं एवढंच विचारलं, "ताई, लगन कवा आहे?"

घरी आल्यावर मी पहिल्यांदाच आईच्या वाती मोजल्या. वीस, मग कान. पुन्हा वीस, पुन्हा कान. आईला विचारलं, तर म्हणाली, "मी कायले मोजू?"

जन्मदात्रीच्या मांडीवर पाहिलं असेल म्हणावं, तर चार महिन्यांचं लेकरू वीसपर्यंत मोजतं का? आणि पीळ कसा द्यायचा, ते कोणी शिकवलं? विज्ञानाचा मास्तर असून मला आजही उत्तर सापडलेलं नाही.

लग्नात शालूच्या पाठीशी पवनीचा विणकर मामा म्हणून उभा राहिला. मंगलाष्टकं सुरू झाली, पण आईचं नवरा-नवरीकडे लक्षच नव्हतं. ती मामाकडे बघत होती. नंतर मी मामांच्या पाया पडलो... पुरावा न मागता.