नकोशीच्या पांढऱ्या गोळ्या

निरवांगीच्या नकोशीला लहानपणापासून फेफरं येई. माहेरी मेंढरं होती. ती पडून हातपाय झाडू लागली की म्हातारी माणसं म्हणत, "अंगात मायाक्का देवी आली!" मग तिच्या कपाळाला भंडारा फासायचा, पायांवर डोकं ठेवायचं आणि हरवलेलं कोकरू कुठं गेलं ते विचारायचं. शुद्धीवर आलेल्या नकोशीला एवढंच कळे, की जीभ चावली आहे आणि कपडे ओले झाले आहेत.

१९९३ साली, लेकरांना आणि बाळंतिणींना दवाखान्यात फुकट मिळणारी औषधं गरीब मोठ्या माणसांनाही मिळू लागली. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या, रोज संध्याकाळी एक. चार वर्षं मायाक्का फिरकली नाही. नकोशी सणसरला मोहनरावांच्या भाजीच्या मळ्यात खुरपायला जाऊ लागली, विहिरीवरून एकटी पाणी आणू लागली. सोबतची द्वारकाबाई तिला खुशाल टोमणे मारी, "नकोशे, तोंडापरीस हात चालीव!" ते ऐकून नकोशीला फार बरं वाटे. देवीला असं कोण बोलतं?

सत्त्याण्णवच्या आषाढात दवाखान्याच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, "मोठ्यांचं बंद झालं, बाई. वरून कागद आलाय. अठराच्या आतलं कुणी असंल तर आणा."

"लेक हाय माझी, छकुली. बारा वर्साची."

"तिला फेफरं येतं?"

"न्हाय."

"मग कसं देऊ?"

"मग माझं फेफरंच बारा वर्साचं लिवा की, सायेब."

रांगेतले हसले. कारकूनही हसला आणि त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेरच्या दुकानातून तिनं गोळ्यांचं एक पाकीट कसंबसं घेतलं. दुसरं घेणं जमलं नाही. ती गोळी मोडून अर्धी घेऊ लागली, मग एक दिवसाआड अर्धी.

"चार वर्सं आलं न्हाय, आता कशाला येतंय?" नवरा गेणबा म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

श्रावणात, भेंडीच्या सरीत ती कोसळली. डोळे उघडले तेव्हा कपाळावर हळदीचा वास होता आणि पायांवर द्वारकाबाईचं डोकं.

"आई, माझ्या सुनंची कूस उजवंल का?"

"द्वारके, ऊठ. पाणी दे." फाटक्या जिभेतून शब्द धड निघेनात.

"काय म्हणली?" मागून एका बाईनं विचारलं.

"पानी म्हणली. वल्या लुगड्यानं दर्शनाला या म्हनती!" द्वारकाबाईनं सांगितलं.

मोहनराव हात जोडून बांधावर उभे होते. ते धावत आलेल्या गेणबाला म्हणाले, "उद्यापासनं तिला धाडू नगा. देवीच्या हातात खुरपं कसं द्यायचं? पाप लागंल."

नकोशी कशीबशी उठून बसली. "आजारी हाय मी, मालक," ती म्हणाली. कुणाला ते समजलं नाही.

संध्याकाळी घराच्या दारात दोन अनोळखी बायका नारळ घेऊन बसल्या होत्या. नकोशीनं छकुलीकडून पाकीट मागून घेतलं. आत अर्धीच गोळी उरली होती. गेणबानं ती तिच्या हातातून हळूच काढून घेतली.

"ऱ्हाऊ दे आता," तो म्हणाला. "लोकं लांबनं आल्याती. मायाक्का रुसंल."