रिकाम्या जात्याची घरघर

मंडळी, आज सकाळी धर्मापुरीत लई भारी गोष्ट घडली!

यंदाच्या दुष्काळात आपल्या मदत मंडळाची ज्वारी घरोघर वाटत होतो. पार्वतीवैनी दारातूनच म्हणाल्या, "आमचं भागतंय."

आत सून दळत होती. पण पोती वाहून दुकानदार झालेल्या माझ्यासारख्या माणसाला दाणा भरडल्याचा आवाज कळतो. हा तर दगडावर दगड! शेजाऱ्यांना ऐकू जावं म्हणून ती रिकामं जातं ओढत होती.

मी म्हणालो, "वैनी, आमच्या अन्नछत्राला दळणारं कुनी न्हाई. दळून द्या, अर्धं पीठ तुमचं."

"खैरात न्हाई ना?"

"मजुरी हाय!"

"मग दारात कावून हुबे? टाका पोतं आत!"

दुपारपर्यंत आणखी सात घरांनी दळण मागितलं. आता ज्वारीच कमी पडतेय. बोला, तुमच्याकडून किती पायल्या?