झाकण लावून काढलेलं शेंडेनक्षत्र

इथले अनुभव मी नेहमी वाचतो... खरं सांगायचं तर हसायला वाचतो. कोणाला रस्त्यात पांढरी साडी दिसते, कोणाची गाडी नेमकी स्मशानापाशीच बंद पडते. मी कळमेश्वरच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला आहे, वीस वर्षं झाली. गेजवर आकडा बरोबर आला की माल पास, नाही आला की रिजेक्ट. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता आणि आजही आहे असं म्हणवत नाही. पण माझ्या घरी हॉलमध्ये एक फोटो टांगलाय, आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. म्हणून लिहितोय. हसायचं असेल तर हसा, मीही हसलोच असतो.

माझे बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झाले, आता नागपुरात आमच्याकडेच असतात. त्यांना काचबिंदू आहे. उजवा डोळा पूर्ण गेलाय. हे घडलं तेव्हा डाव्याने नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं दिसायचं, तेही अगदी जवळ धरलं तर. तेही हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

त्यांचं एक जुनं दुखणं आहे. ते लहान असताना गावात पहाटे शेंडेनक्षत्र दिसायचं — म्हणजे धूमकेतू. सगळं घर उठून खळ्यावर जाऊन पाहून आलं, आणि यांना कोणी उठवलंच नाही. रडले, तर "उद्या दाखवू" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून आभाळ भरून आलं ते आलंच. पुढे नोकरीत असताना एकदा योग आला, तेव्हा नेमकी सेकंड शिफ्ट. "मले कोणी उठवलंच नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आमच्या घरात भाजी संपली तरी आम्ही एकमेकांना तेच म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या जरा आधी संध्याकाळी पश्चिमेला एक धूमकेतू दिसत होता. मला आकाशाचे फोटो काढायचा नाद आहे. एक मिररलेस कॅमेरा, एक छोटी लेन्स, आणि ताऱ्यांबरोबर कॅमेरा हळूहळू फिरवणारा हातभर ट्रॅकर. सगळं एका पाठपिशवीत मावतं. माझी बायको वर्षा त्या पिशवीला सवत म्हणते. मी विचार केला, बाबांना आभाळातलं दिसणार नाही, पण कॅमेऱ्याची स्क्रीन बाहेर वळवून डोळ्यापाशी आणता येते की! धूमकेतू रोज फिका होत चालला होता. पुढच्या वेळेपर्यंत बाबांचा डोळा थांबणार नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं.

सावनेरच्या पुढे माझ्या आतेभावाचं शेत आहे. कपाशी लावलेली, पश्चिमेकडे सगळं मोकळं, बांधावर फक्त एक वाकडा पळस. मी आणि बाबा दोघंच गेलो. सूर्य बुडायच्या आत ट्रायपॉड लावला, मागे बाबांची खुर्ची ठेवली. शुक्र दिसू लागल्यावर त्याच्यावर फोकस केला. तेवढ्यात बाजूच्या रस्त्याने कोळशाचा ट्रक गेला आणि धुळीचा लोट आमच्या अंगावर आला.

त्यानंतर बाबांना स्वेटर घातलं, थर्मासमधला चहा दिला. अंधार पडला तसा मी रिमोटचं बटण दाबलं. दहा-दहा सेकंदांचे फोटो आपोआप निघत राहतात, आणि प्रत्येक झाला की स्क्रीनवर दोन सेकंद दिसतो. स्क्रीन बाबांकडे होती. मी शेजारी उभा राहून गळ्यातल्या दुर्बिणीतून पाहत होतो. धूमकेतू होता, पुसटसा, पण होता.

"बाबा, दिसून राह्यलं का काही?"

बाबा स्क्रीनवर आणखी वाकले. तीन-चार फोटो झाले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "दिसलं गा."

"कसं आहे?"

"हे काय, शेंडी वरतं गेली. जराशी डाव्या अंगाले. खाली आपला पळस... मले वाटे, लय मोठं असंन. नाजूकच आहे."

त्यांच्या गालावरून पाणी येत होतं. मलाही भरून आलं, म्हणून मी पुन्हा दुर्बिणीला डोळे लावले. थोड्या वेळाने ते एकदम ओरडले, "अरे पाय पाय! रेघ मारून गेलं कोणतरी! शेंडीच्या खालून, आडवं!"

मला दुर्बिणीत काहीच दिसलं नाही. सॅटेलाइट असेल म्हटलं. सवयीने वहीत लिहिलं : ७.१४, बाबा, रेघ.

शेवटी डार्क फ्रेम काढायच्या असतात. म्हणजे लेन्सवर झाकण लावून तेवढ्याच वेळाचे काळे फोटो काढायचे, कॅमेऱ्याच्या सेन्सरचे स्वतःचे ठिपके नंतर वजा करता यावेत म्हणून. झाकण घ्यायला खिशात हात घातला. नव्हतं. पिशवीत नव्हतं. मोबाईलचा टॉर्च लावला... झाकण लेन्सवर होतं.

ट्रक गेला तेव्हा धूळ बसू नये म्हणून मीच लावलं होतं. काढायचं विसरलो.

मी तिथेच बाबांच्या पाठीमागे उभा राहून सगळं कार्ड तपासलं. शहाण्णव फोटो, शहाण्णवच्या शहाण्णव काळे. पुन्हा काढावे तर धूमकेतू क्षितिजावरच्या धुरक्यात गेलेला. बाबा खुर्चीत शांत बसले होते, चेहऱ्यावर असं समाधान की मला तोंड उघडवेना. परतताना गाडीत ते झोपून गेले. मी मात्र स्वतःला शिव्या देत गाडी चालवली.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या माणसाला बघायचंच होतं, म्हणून दिसलं. मीही तेच म्हटलं. पळस त्यांनी मी फोकस करताना स्क्रीनवर पाहिला असेल. शेंडी वर असते हे वर्षाने पेपरातून वाचून दाखवलं असेल. सगळं मान्य. पण माझा मित्र मंगेश त्याच संध्याकाळी कळमेश्वरच्या बाजूने फोटो काढत होता. त्याला मी फोन केला.

"काय बे, झाकण लावून?" तो पोट धरून हसला. मग त्याने आपले फोटो पाठवले. ७.१४ च्या फोटोत धूमकेतूच्या शेपटीखालून एक आडवी पांढरी रेघ गेलेली होती. आधीच्या फोटोत नाही, नंतरच्यात नाही. मंगेश म्हणाला, संध्याकाळी सॅटेलाइट ढिगाने जातात, योगायोग असेल. असेलही... पण हातभर अंतरावरची बोटं ज्यांना मोजता येत नाहीत, त्यांना ती रेघ कुठे दिसली?

बाबा रोज विचारायचे, "माह्या फोटोचं काय झालं गा?" शेवटी मी मंगेशचाच फोटो मोठा करून आणला आणि दिला. त्यांनी तो खिडकीपाशी नेला, डाव्या डोळ्याला जवळजवळ चिकटवला, इंच इंच सरकवत पाहिला.

"हा आपला नाही."

"आपलाच आहे, बाबा."

"याच्यात खाली टॉवर आहे. आपल्यात पळस होता." फोटो त्यांनी टेबलावर ठेवला. "खोटं काहून बोलतं? तेव्हाबी सारे असेच बोलले मले. उद्या दाखवू म्हणे."

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. वर्षा म्हणाली, "खरं काय ते सांगून टाका ना त्याहिले. रागावतीन, अजून काय?"

मी ठरवलं सांगायचं. बर्डीवरच्या फोटो लॅबमध्ये जाऊन माझा ७.१४ चा काळा फोटो प्रिंट करायला दिला. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "भाऊ, फाइल खराब दिसते." म्हटलं, तसाच काढा. आणि मागे वरच्या बाजूला पेनने एक बाण काढून घेतला. नग कुठल्या बाजूने वर आहे याची खूण केल्याशिवाय माझा हातच उठत नाही. काळ्या कागदाला वर-खाली काय, म्हणून तो माणूस हसत होता.

घरी येऊन बाबांच्या हातात तो कागद दिला. "बाबा, त्या दिवशी झाकण..." एवढंच माझ्या तोंडून निघालं, तोवर ते खिडकीपाशी पोचले होते. कागद डाव्या डोळ्याला लावला. मग नखाने कागदावर डावीकडून उजवीकडे एक आडवी ओळ ओढली. "हे पाय, रेघ." मान वर केली तर चेहरा खुललेला. "हाच. असा फोटो पाह्यजे होता मले. आधी काहून नाही देल्ला?"

वर्षाने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. माझं वाक्य अर्धंच राहिलं, ते अजून अर्धंच आहे.

त्या रात्री ती फाइल कॉम्प्युटरवर जेवढी उजळवता येईल तेवढी उजळवून पाहिली. जांभळे ठिपके. दुसरं काही नाही.

बाबांनी हट्टाने फोटोला फ्रेम करायला लावली. फ्रेमवाल्याकडून आणून मी हॉलमध्ये टांगली. पाहुणे विचारतात, हे काळं काय आहे? बाबा त्यांना जवळ बसवून सगळं समजावून सांगतात. पण हे नंतरचं. टांगली त्या दिवशी बाबा भिंतीला नाक लावून उभे राहिले आणि म्हणाले, "उलटा बसवला गा यानं."

मी फ्रेम खाली काढली. मागचा पुठ्ठा उघडला. बाण खाली होता.

हिशेबाने बघायचं तर दोनच बाजू, पन्नास टक्के चान्स. एवढ्यावर मी कोणताही माल पास करत नाही. फोटो मांडीवर होता, पुठ्ठा उघडाच होता, बाबा आत चहा घ्यायला गेले होते. पुन्हा उलटाच बसवावा, काही न बोलता टांगावा आणि ओळखतात का बघावं — एका टेस्टचं काम होतं. वीस वर्षं मी हेच करतोय.

नाही केलं. ओळखलं असतं तर काय, आणि नसतं ओळखलं तर काय? बाण वर करून फोटो बसवला आणि टांगला.

आता बाबांच्या डाव्या डोळ्याला फक्त उजेड-अंधार कळतो. फ्रेमसमोर मात्र रोज उभे राहतात. परवा मला हाक मारली, "इकडे ये, तू तर नीट पाह्यलंच नाही त्या दिवशी." मी शेजारी जाऊन उभा राहिलो, आणि त्यांनी काचेवर बोट ठेवून मला शेंडी दाखवली.